न जुळणाऱ्या अकरा पिशव्या

धोंडिबा रक्तपेढीच्या काचेवर हात आपटत होता. “सख्ख्या भावाचं रक्त बहिणीला चालंना म्हंता? असं कुठं असतं व्हय?”

आता ह्या माणसाला काय सांगावं! बहिणीसाठी, चतुराबाईसाठी, त्यानं दौलताबादहून तिच्याच रक्तगटाची, स्वतःसकट अकरा माणसं गोळा करून आणलेली. आणि पेढीतल्या तंत्रज्ञ तनुजानं तपासलं तर अकराच्या अकरा पिशव्या न जुळणाऱ्या. वरच्या मजल्यावर चतुराबाईचं हिमोग्लोबिन चारवर आलेलं. बाईला मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. आज रक्त चढलं नाही तर उद्याचं काही खरं नाही, असं डॉक्टर दोनदा बजावून गेले होते.

“नमुना मुंबईला पाठवू,” पेढीचे प्रमुख काकासाहेब म्हणाले.

“उत्तर येईस्तोवर बाई राहील का, साहेब?” तनुजा फटकन बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पण तिचं डोकं भलतीकडंच अडकलं होतं. रक्त खरंच जुळत नसेल तर एखादी तरी पिशवी वेगळी वागते. इथं सगळ्या नळ्यांत सारखेच बारीक दाणे, न जुळल्याची खूण. आणि चतुराबाईच्या रक्तद्रवाचं तिच्या स्वतःच्या पेशींशी मात्र सगळं गुण्यागोविंदानं!

ती काचेपाशी आली. “मामा, मावशींना एवढ्यात कुठली नवी सुई चालू आहे का?”

“हाय की. पुण्याच्या डॉक्टरांनी सुरू केली. दर आठ दिवसाला.”

“मग फॉर्मवर का नाही लिहिली?”

“ती कॅन्सरची हाय, ताई. तुमी तर रक्ताचं इचारलं!”

तनुजानं कपाळावर हात मारला. तिथंच तर मेख होती! कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन दाटीनं असतं आणि ही सुई नेमकी त्यालाच धरते. पण तेच प्रथिन चांगल्या लाल पेशींवरही जरासं असतं. चतुराबाईच्या पेशींवरचं औषधानं केव्हाच गेलेलं. दात्यांच्या पाहुण्या पेशींवरचं शाबूत. तेवढंच धरून चतुराबाईच्या रक्तातलं औषध नळीत दाणे पाडत होतं, आणि चाचणी उगाच बोंब मारत होती. रक्तात खोट नव्हतीच.

ते प्रथिन मोडणारं रसायन विद्यापीठात तिच्या मैत्रिणीकडं, अमृताकडं होतं. फोन केल्यावर अर्ध्या तासात अमृता स्कूटीवरून बाटली घेऊन हजर. काकासाहेबांनी पुस्तकातली कृती ओळ न् ओळ वाचली आणि होकारार्थी मान डोलावली. तनुजानं दात्यांच्या पेशींचे नमुने रसायनात ठेवले, धुतले, पुन्हा जुळवायला घेतले.

पहिली नळी स्वच्छ. दुसरीही. काकासाहेबांनी चष्मा पुसून सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

“अगं, एक दाणा नाही! जिंकलीस की पोरी!”

तनुजाला रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिनं आधी वॉर्डात फोन लावला.

पहिली पिशवी धोंडिबाचीच चढली. संध्याकाळी तनुजा दुसरी घेऊन वर गेली, तर सकाळी मान उचलू न शकणारी चतुराबाई उशीला टेकून बसलेली, भावावर डाफरत होती.

“धोंड्या, तुझं रक्त लई तापट हाय रं! मला पडूनच राहवंना!”