दोन सूर खाली

डबा म्हणतात मला. गाणाऱ्याला साथ देणारं यंत्र, असं भारदस्त नाव खोक्यावर छापलं होतं. खोकं रद्दीत गेलं, राहिला डबा. तोच मी बोलतोय.

आमच्या बाई एका हॉटेलात संध्याकाळी गातात. शेजारी बसून त्यांचे यजमान कीबोर्ड वाजवायचे. त्यांची बोटं थरथरू लागली तेव्हा त्यांनी मला आणलं, दाराच्या फटीत चादर कोंबली आणि अडतीस गाण्यांची साथ माझ्यात वाजवून ठेवली. प्रत्येक गाण्याआधी मोजायचे, "एक, दोन, तीन... हं, घे आता."

"हे मोजणं तरी काढा. लोक हसतील," बाई म्हणाल्या.

"हसू देत. तू नेहमी घाई करतेस."

वर्षभरात ते गेले. मी रोज मोजत राहिलो. बाईंना दम लागला की ते थांबायचे. मला थांबता येत नाही. मी आपला पुढे, बाई मागे. फार ओशाळं वाटायचं.

मग बाईंचा वरचा सूर फाटू लागला. मॅनेजर म्हणाला, "बाई, पट्टी उतरवा. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

लेकीने मला मांडीवर घेतलं. "आई, दोन सूर खाली घेते. गाणी तीच राहतात."

"आणि बाबांचा आवाज?"

"तोही थोडा उतरेल गं."

सदतीस गाणी झाली. अडतिसाव्यावर बाईंनी तिचा हात धरला. "हे राहू दे."

त्या संध्याकाळी मी मोजलं, तर माझ्यातून कुणी परका, जाड आवाजाचा माणूस बोलला. बाई वळून माझ्याकडे बघतच राहिल्या. एक अख्खी ओळ मी एकटाच वाजलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सदतीस गाण्यांतलं मोजणं लेकीकडून कापून घेतलं. आता त्या स्वतःच पुटपुटतात, एक, दोन, तीन. आणि घाई करतातच! नोकरी मात्र टिकली.

दुपारी घरात कुणी नसलं की त्या अडतिसावं गाणं लावतात. "एक, दोन, तीन... हं, घे आता." की लगेच मला बंद करतात. पुन्हा लावतात, पुन्हा बंद.

बाई, एकदा तरी पुढे वाजू द्या ना. थरथरत्या बोटांनी त्यांनी ते शेवटपर्यंत वाजवलंय.