रात्रपाळीचा पट्टा

डॉक्टरांनी पडद्यावरचा आलेख वरखाली सरकवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रात्रपाळी करता म्हणालात ना? इथे तर रात्री पलंगावर दिसताय. दिवसा ढाराढूर, आणि रात्री नुसती कूस बदलणं."

"कूस?" भट्टीवाली हसलीच. "अहो डॉक्टर, रात्रभर हा माझ्यासमोर पीठ मळत असतो. काय रे, मळता मळता लोळतोस की काय?"

काय रे! बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाला वीस वर्षं होऊनही ती नवऱ्याला 'अहो'च म्हणायची, आणि ही भागीदारीण सरळ 'अरे'वर. बेकरी त्या दोघांची, भट्टी हिच्याकडे, रात्रपाळी दोघांची. उजाडता तो घरी यायचा तेव्हा बायको कामाला निघत असायची. आज दवाखान्यातही ही बया आलीच. का, तर म्हणे टेम्पो तिचा!

नवरा मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत बसला. केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तो आठवडाभर बांधायला दिला होता. शरीर कधी जागं, कधी निजलेलं, हे त्यातून कळणार होतं. जी वेळ शरीराला सोसेल, त्याच वेळी औषध द्यायचं होतं.

"हे नीट कळायला हवं," डॉक्टर म्हणाले. "वेळ चुकली तर त्रास यांनाच. पट्टा काढत होतात का?"

"रात्री घरून निघताना ही काढून ठेवायची," नवरा बायकोकडे बघत म्हणाला. "पीठ जाईल म्हणाली. सकाळी दारातच परत बांधायची."

"ठेवलेला असता तर रेघ सपाट आली असती. हा कुणाच्या तरी हातावर होता."

भट्टीवालीने वळून पाहिलं. आता ती हसत नव्हती. बायकोला वाटलं, या बाईसमोर मेले तरी तोंड उघडू नये. पण औषध त्याच्या अंगात जायचं होतं.

"माझ्या," ती म्हणाली. "यांच्या रात्री तर सगळ्या हिच्याच. निदान डॉक्टरांपुढे तरी आमच्या घरच्या दिसू देत म्हटलं."

"वहिनी, मी... मी टेम्पो दाराशी आणते," म्हणत भट्टीवाली उठून गेली.

नवरा पडद्यापाशी वाकला. एकेका रात्रीच्या रेघेवरून त्याने बोट फिरवलं.

"रोज अशी जागी असतेस?"

"डॉक्टर, पुन्हा आठवडाभर बांधू. आता नाही काढणार."

तिने त्याचा हात ओढून घेतला आणि पट्टा एक भोक पुढे आवळला.

"घट्ट झालाय गं."

"असू दे."