वहाबचा खिळा

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी पिंपळगाव राजा या गावाच्या वेशीपर्यंत डांबर आलं आणि पंधरा दिवसांत टांगाअड्ड्यावरच्या तीन घोड्या लंगड्या झाल्या. तिघींना नाल मारणारा एकच, वहाब नालबंद. मग काय, लोकांना तेवढं पुरे होतं. म्हाताऱ्याचा हात गेला, असं जो तो म्हणू लागला. सगळ्यांत मोठा आवाज पुंजाजी टांगेवाल्याचा. त्याची घोडी कस्तुरी पाय टेकत नव्हती आणि घरात कमावणारी तीच एकटी होती.

वहाब न बोलावता अड्ड्यावर आला.

"तिघींचीबी नाल तुमच्यासमोर काढतो," तो म्हणाला. "माही चूक निंगाली तं पुन्हा या अड्ड्यावर येणार नाही."

पहिल्या घोडीची नाल निघाली. खिळे साफ होते. पण नालेच्या आत डांबरात माखलेली बारीक खडी गच्च बसली होती आणि तळवा लाल झाला होता. दुसरीचंही तेच. लोकांचा नूर लगेच पालटला; सकाळी वहाबला शिव्या देणारे आता सडकेला देऊ लागले. माणसाची जीभ काय, वारा येईल तिकडे वळते.

कस्तुरीच्या नालेतही खडी निघाली. "झालं, सडकच ते," कुणीतरी म्हणालं आणि लोक पांगू लागले.

वहाब मात्र उठला नाही. त्यानं पकडीनं खूर कडेकडेनं दाबून पाहिला. एका जागी कस्तुरी थरारली. तिथून निघालेला खिळा त्यानं नाकाशी नेला. टोक काळं, ओलं होतं. पाय धरून उभ्या असलेल्या पुंजाजीला ते दिसलं, पण त्यातलं त्याला काही कळलं नाही. वहाब गप्प बसला असता, तर कुणालाच कळलं नसतं.

"पुंजाजी, हिले सडकेनं नाही लंगडी केली," वहाब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माहा खिळा जिव्हाळी लागला. आतमंदी पू झाला."

त्यानं तिथंच खूर कोरून पू काढला, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतला, गरम कोंडा बांधला. रोज दोनदा शेक द्यायला सांगितलं आणि मान खाली घालून निघून गेला. पुंजाजीला त्या क्षणी त्याचा रागही आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

बाराव्या दिवशी कस्तुरी चारी पायांवर नीट उभी राहिली. पुंजाजी तिला घेऊन थेट वहाबच्या दारात गेला.

"आता दुसरा नालबंद पाहा," वहाब म्हणाला. "माह्या हातानं चूक झाली."

पुंजाजीनं कस्तुरीचा तोच पाय उचलून त्याच्यापुढे धरला.

"दुसरा सडकेचं नाव सांगून मोकळा झाला असता वहाबभाई," तो म्हणाला. "मले कुठं समजलं असतं?"