चौतीस नंबरची दुसरी जर्सी

"थांब, थांब! मागे घे जरा!" होमर ओरडला, आणि त्याच्या कपातली अर्धी कॉफी माझ्या कागदांवर सांडली.

"अरे बाबा, आधी तो कप खाली ठेव. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची फिल्म आहे, कुठे पळून जात नाही ती."

"वेन्डल, मागे घे म्हणतो ना!"

होमर गॅन्श त्र्याऐंशीचा आहे आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आमच्या कॅन्ससमधल्या केलबर्न कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हेल्मेटं, बूट, जर्सी हे सगळं त्यानं तीस वर्षं सांभाळलं. मी त्याच संघाचा नोंदी ठेवणारा. सामना चालू असताना वरच्या काचेच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसायचं. कोण किती यार्ड धावला, कुणी झेललं, कुणी पाडलं ते टिपायचं आणि मग जन्मभर जपायचं, हे माझं काम. बायकोचा वाढदिवस मी दोनदा विसरलोय, पण केलबर्नच्या कुठल्याही सामन्याचे आकडे झोपेतून उठवून विचारा.

यंदा आम्हाला बाउलचं बोलावणं आलं होतं. हंगाम चांगला गेला तर नाताळाच्या आगेमागे दक्षिणेतल्या एखाद्या उबदार गावाहून असं बोलावणं येतं. सामना एकच, पण अख्खं गाव गाड्या घेऊन निघतं. मोठमोठ्या कॉलेजांना त्याचं काही वाटत नाही, दर वर्षीचंच असतं. आम्हाला मात्र आजवर चारच बोलावणी आलेली. एकोणपन्नास साली हरलो. एकसष्टला चिखलात जिंकलो. अठ्ठ्याहत्तरला मेस्कीट बाउलमध्ये एका गुणानं हरलो, आणि शहाण्णवला तर इतका मार खाल्ला की त्याबद्दल कुणी बोलत नाही. यंदाच्या माहितीपुस्तकात 'बाउलचा इतिहास' हे पान मी नव्यानं लिहायला घेतलं होतं. त्यासाठीच कॉलेजनं जुन्या फिल्मा कॉम्प्युटरवर घालून दिल्या होत्या, आणि चेहरे ओळखायला मी होमरला बोलावलं होतं.

होमरनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा कोण?"

"चौतीस नंबर. लेनी व्होगेल. डोळे गेले का तुझे?"

"आणि हा?"

चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या खेळाडूंचा बाक दिसत होता, पाठमोरा. बाकाच्या टोकाला एक जण डोक्यावर टॉवेल घेऊन वाकून बसला होता. त्याच्या पाठीवरही चौतीस होतं.

मी फिल्म मागे घेतली, पुढे घेतली. मैदानात एक चौतीस चेंडू घेऊन धावत होता आणि बाकावर दुसरा चौतीस बसलेला होता.

"मैदानातला टॉमी रड आहे," होमर म्हणाला. "मीच घातली त्याला ती जर्सी."

त्या काळी धावणाऱ्या गड्यांच्या जर्सी मुद्दाम विरविरीत कापडाच्या करत. कुणी मागून धरलं की कापड फाटून त्याच्या मुठीत राहायचं आणि आपला गडी पुढे पसार. एका सामन्यात एकेकाच्या चार-पाच फाटत. पुढे नियमानं ते बंद झालं. होमर प्रत्येकाच्या नंबरची चळत बाजूला तयार ठेवायचा आणि पळत जाऊन डोक्यावरून घालायचा.

"त्या दिवशी टॉमीच्या सगळ्या फाटल्या. सगळ्या! लेनी डोक्याला मार लागून बसलेला, त्याची एक कोरी उरली होती. पंचांना सांगितलं आणि घातली पोराला."

"आणि मला कळवायला काय झालं होतं?"

"कळवायला?" होमर लालबुंद झाला. "फोन केला होता तुला! नंबर बदलला की वर फोन करायचा, हा नियम तूच केला होतास ना? दहा वेळा वाजला असेल. तू उचलला नाहीस!"

तो फोन मला आठवत होता, तिथेच तर सगळी गोम होती. चाळीस सेकंद उरलेले, आम्ही तेरा, ते चौदा, चेंडू गोलरेषेपासून चार यार्डांवर. लाथ मारून तीन गुण घेतले असते तरी सामना खिशात होता. पण कोचला आणखी एकदा धावून बघायची खुमखुमी. आणि माझ्या कोपराशी फोन कोकलत होता. मी दुर्बीण सोडली नाही. आता कुणाला फोनची पडलीय, असं म्हणालोही मी, तोंडानं. चौतीस नंबर धावला, आपटला, चेंडू निसटला आणि त्यांच्या हाती गेला. मी कागदावर लिहिलं: चौतीस, व्होगेल. तो कागद खाली पत्रकारांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी कॅन्ससच्या सगळ्या पेपरांत छापून आला.

त्यानंतर दर वर्षीच्या पुस्तकात मी तेच वाक्य छापत आलोय. 'चाळीस सेकंद उरले असताना चार यार्डांवर लेनी व्होगेलच्या हातून चेंडू सुटला.' चांगलं, नेटकं वाक्य म्हणून मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

लेनी इथेच राहतो. मेन स्ट्रीटवर त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे घ्यायला आलेला माणूस पिशवी घेताना हमखास म्हणणार, "जपून हं लेनी, पाडशील!" लेनी हसतो. गेली एकेचाळीस वर्षं हसतोय. मीही म्हटलंय ते त्याला. किती वेळा, ते मात्र मी मोजलेलं नाही.

पण एक गोष्ट मला कळेना. वर बसून मी चुकलो, हे ठीक. मैदानातल्या पोरांना तर दिसलंच असेल! मी ओमाहाला गिल स्ट्रँडला फोन लावला. तो तेव्हाचा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू ज्याच्या हातून पुढे जातो तो. आता दाताचा डॉक्टर आहे.

"अरे, टॉमी रडच होता तो," गिल म्हणाला. "मीच दिला ना त्याच्या हातात. तुला आत्ता कळतंय?"

"मग बोलला का नाहीत, मेल्यांनो?"

"काय बोलणार? पेपरवाला तुझा कागद घेऊन आत आला आणि लेनीच्या नाकासमोर धरला. लेनी म्हणाला, सुटला खरा, चूक माझी. आम्ही बघतच राहिलो! टॉमी बिचारा अठरा वर्षांचा, पहिलंच वर्ष, कोपऱ्यात बसून ओकत होता. आम्हाला वाटलं, लेनीनं पोराला वाचवायला सगळं स्वतःवर घेतलं. मग आम्ही कोण ते उघड करणारे? जुन्या संघाच्या दर मेळाव्याला आम्ही त्याच्या पाठीमागे हेच बोलतो, वेन्डल. असलं काळीज दुसऱ्या कुणाचं नाही."

"आणि टॉमी रड?"

"त्याच वर्षी कॉलेज सोडून गेला. अमरिलोला असायचा. आठ वर्षांपूर्वी वारला."

लेनीनं खरंच कुणाला वाचवलं होतं का? आणि वाचवलं असेल, तर मी आता हे उकरून काढायचं की नाही? पुस्तक गुरुवारी छापायला जाणार होतं. त्या पानावर काहीतरी लिहावं तर लागणारच होतं.

बुधवारी दुपारी लॅपटॉप घेऊन लेनीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, डार्लीननं, राजमा-खिम्याची चिली केली होती, सोबत दालचिनीचे रोल. दर डिसेंबरात मी एकदा तरी त्यांच्याकडे जेवतो, त्यामुळे मी कशाला आलो हे कुणी विचारलं नाही. मीच दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला.

"लेनी, मेस्कीट बाउलमध्ये चेंडू तुझ्या हातून सुटलाच नव्हता."

लेनी हसला. सवयीनंच. "काय रे, यंदा नवीन विनोद का?"

मी त्याला फिल्म दाखवली. फोनचंही सांगितलं, काही न लपवता. मग गिलचं बोलणं सांगितलं आणि विचारलं, "तू टॉमी रडला वाचवायला तसं म्हणालास का?"

लेनी स्क्रीनकडे बघत होता. "मला त्या दिवसाचं अर्ध्या सामन्यानंतर काहीच आठवत नाही, वेन्डल," तो म्हणाला. "एकदम लॉकर रूमच आठवते. तो माणूस कागद दाखवून विचारत होता, कसा काय सुटला? कागदावर माझं नाव होतं. मी म्हटलं, कागदावर आहे म्हणजे सुटलाच असेल."

"डॉक्टर नाही आले?"

"कसले डॉक्टर! अमोनिया हुंगवला आणि बसमध्ये बसवलं. त्या वेळी असंच होतं सगळं."

मग तो अचानक म्हणाला, "टॉमी रड मला दर नाताळला कार्ड पाठवायचा. आत काही नाही, नुसतं 'थँक यू, टॉमी.' मी डार्लीनला म्हणायचो, याला मी काय दिलंय कुणास ठाऊक."

"म्हणजे तू कुणाला वाचवलं नाहीस," मी म्हटलं.

"कसला वाचवतोय! एकवीस वर्षांचा होतो, टाळकं गरम. आठवत असतं तर पेपरवाल्याची गचांडी धरून सांगितलं असतं, मी बाहेर बसलो होतो म्हणून. मेळाव्याला पोरं माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायची. मला वाटायचं, माफ केलं म्हणून सांगतायत. मी आपला मान खाली घालून बिअर प्यायचो."

डार्लीन इतका वेळ सिंकपाशी उभी होती. तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"एकेचाळीस वर्षं, वेन्डल! या टेबलावर बसून तू माझ्या हातचं खाल्लंस आणि घरी जाऊन दर वर्षी ते वाक्य लिहिलंस. एकदा, एकदा तरी फिल्म बघावीशी वाटली नाही?"

"मी मागेच बघायला हवी होती," मी म्हणालो. "मला खात्री होती. म्हणूनच नाही बघितली."

"खात्री म्हणे! हायस्कूलनं याला दोनदा कोच म्हणून बोलावलं, माहीत आहे? दोनदा! याचं आयुष्यातलं एकच स्वप्न होतं ते. दोन्ही वेळेला नाही म्हणून आला. म्हणे, ज्याच्या हातात चार यार्ड चेंडू टिकला नाही, त्यानं पोरांना काय शिकवायचं. आणि दुकानात जाऊन स्क्रू मोजत बसला."

"डार्लीन, जाऊ दे," लेनी म्हणाला.

"नाही जाऊ देणार! बोलू दे मला. तू कधी बोलला नाहीस म्हणूनच हे झालं."

मला हे माहीत नव्हतं. हायस्कूलनं त्यातल्या एका वर्षी विचिटाहून कुणीतरी कोच आणल्याचं तेवढं आठवत होतं, तीही नोंद माझ्याकडे आहे. "लेनी, माझी चूक झाली रे," मी म्हटलं. याच्यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचलं नाही.

लेनीनं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते मला कळलं नाही. विचारायचा मला हक्कही नव्हता.

"उद्या पुस्तक छापायला जातंय," मी म्हणालो. "काय लिहू सांग. तू म्हणशील ते लिहितो. गिल आणि बाकीचे तुला देवमाणूस समजतात, ते तसंच राहू द्यायचं असलं तरी..."

"माझं नाव काढ तिथून," लेनी लगेच म्हणाला. त्याचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "कुणी मला देवमाणूस म्हणू नये आणि कुणी पाडशील म्हणूनही हसू नये. मी तिथे नव्हतो. तेवढंच लिही."

"आणि टॉमी?"

"टॉमीचं तू बघ. लिहिणारा तू आहेस."

मी तिथेच टेबलावर, चिलीचा वाडगा बाजूला सारून लिहिलं. 'चाळीस सेकंद उरले असताना चार यार्डांवर केलबर्नच्या हातून चेंडू सुटला. लेनी व्होगेल तेव्हा दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता. आजवर येथे त्याचे नाव छापले गेले ते नोंदी ठेवणाऱ्या वेन्डल प्रेदरच्या चुकीमुळे.' मोठ्यानं वाचून दाखवलं. डार्लीननं दोनदा वाचायला लावलं, मग 'दुखापतीमुळे'च्या आधी 'डोक्याला झालेल्या' घालायला सांगितलं. मी घातलं.

मी लॅपटॉप मिटायला गेलो, तर लेनीनं हात मध्ये घातला.

"परत लाव एकदा."

मी लावली. धावणं आलं, आपटणं आलं, चेंडू गवतावर लोळत गेला आणि त्यांच्या लाल हेल्मेटांचा ढीग त्याच्यावर पडला. लेनीनं तिकडे पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो खालच्या डाव्या कोपऱ्यात बघत होता. तिथे बाकावरचे बाकी सगळे उठून उभे राहिले होते, हात वर करून ओरडत होते. टोकाला एकटा तो बसला होता, टॉवेलखाली. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"परत," लेनी म्हणाला.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा डार्लीन हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली आणि तीही त्याच कोपऱ्यात बघू लागली.

"पोरगं किती वेळचं तसंच बसलंय बघ," लेनी हळूच म्हणाला. "कुणी त्याला साधं पाणीसुद्धा विचारत नाही."

फिल्म संपली. त्यानं सांगायच्या आत मी ती पुन्हा लावली.