धाकट्याचा उतार

"इथपासून कापायचं, दादा," चुन्याची रेघ दाखवत इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. "माथा उतरवून माती खाली ढकलायची. उतार इतका उभा ठेवला तर गवत काय, शेवाळसुद्धा धरणार नाही."

दादांनी डोझरवर बसल्या बसल्याच मान हलवली. रेघ शेवटपर्यंत पाहिली आणि नजर खाली घेतली. त्यांचा धाकटा भाऊ जिथे गेला होता, नेमक्या त्या अंगावरून ती जात होती.

कोळशाची खाण केव्हाच बंद झाली होती. तिच्यातून उपसलेल्या मातीदगडांचा ढिगारा मात्र डोंगर होऊन वस्तीच्या डोक्यावर बसला होता. पाऊस लागला की काळी राड थेट घरांच्या उंबऱ्यापर्यंत यायची. खाण चालू असताना तो ढिगारा रचणाऱ्यांत हे दोघे भाऊही होते. दादा डोझरवर, धाकटा डंपरवर. एका ओल्या सकाळी कडा खचला आणि धाकट्याचा डंपर मातीसकट खाली गेला. बऱ्याच खणण्यानंतर डंपर सापडला. केबिनचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. आणखी खणायला घेतलं तर वरून पुन्हा माती सुटली. आणखी माणसं जायला नकोत म्हणून काम थांबवलं, ते थांबलंच.

धाकट्याची बायको तेव्हापासून त्या उघड्या दारापाशी अडकून पडली होती. कोणी समजूत घालायला आलं की ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "दार उघडं होतं ना." म्हणजे तो बाहेर पडला असेल. डोक्याला मार लागून भरकटला असेल. कुठेतरी असेल. आता ढिगारा हिरवा करायचं काम निघालं, तेव्हा ती लावणीच्या टोळीत शिरली होती.

संध्याकाळी ती दादांच्या दाराशी आली.

"उद्या तिकडं कापणार म्हणे."

"हो."

"तुम्हीच?"

"मॅडमना सांगतो, दुसऱ्याला बसवा. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "दुसरा भराभर ढकलून मोकळा होईल, दादा. तुम्ही बघून कराल. तुम्हीच बसा."

"आणि काही निघालं तर?"

"तर मला हाक मारा. माझ्यापासून काही झाकायचं नाही, एवढं करा."

दादा बसले. पातं इतकं अलगद चालवायचे की खाली माती भरायला थांबलेला डंपरवाला एकदा ओरडला, "दादा, ढकलताय की गोंजारताय?" शेजारच्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर तो मुकाट्याने वाट बघू लागला.

आठवडा सरत आला असताना पात्यापुढच्या मातीतून एक बूट वर आला. दादांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. खाणीचा रबरी बूट. तसले सगळेच घालायचे. त्यांनी स्वतः किती झिजवले असतील. क्षणभर त्यांना वाटलं, पायाने परत मातीत लोटावा. कुणाला कळणार होतं? मग त्यांनी खालच्या टप्प्यावर काम करणाऱ्या बायकांच्या दिशेने हात वर केला.

ती चढून आली. धापा टाकत गुडघ्यांवर बसली, बूट उचलला आणि आत हात घातला. बुटाच्या टोकाशी चिंधीचा बोळा होता, दगडासारखा घट्ट झालेला.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली. "स्टोअरवाल्यानं मोठा नंबर दिला होता. बदलून घ्या म्हटलं तर म्हणाले, चालतंय. मीच चिंधी कोंबून दिली होती."

पोलीस आले, पंचनामा झाला. मॅडमनी मशीन थांबवली आणि कुदळ-फावड्याने सगळा भाग उकरून घेतला. पुष्कळ दिवस खणलं. आणखी काही मिळालं नाही. शेवटच्या दिवशी मॅडम तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "काकी, तुम्ही सांगाल तर अजून खणू."

ती खड्ड्याकडे बघत होती. "नको, मॅडम. एका पायात बूट घालून कोणी लांब जात नाही."

दादांनी मान फिरवली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तसं बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून मशीन पुन्हा सुरू झाली. उतार कलता झाला, त्याला टप्पे पडले, वर चांगल्या मातीचा थर आला. बायकांनी काथ्याची जाळी अंथरली, खुंट्या ठोकल्या आणि जाळीच्या डोळ्याडोळ्यांतून गवताचे ठोंब लावले. ती इतरांसारखंच काम करायची, विळा हरवला की इतरांसारखीच करवादायची. पहिल्या पावसात एका कोपऱ्यात घळ पडली. ती बुजवून पुन्हा लावावं लागलं. पुढच्या पावसात मात्र पाणी ढिगाऱ्यावरून खाली आलं ते स्वच्छ.

गवत कमरेला लागायला आलं, तेव्हा एका दुपारी ती आणि दादा माथ्यावर डबा खात बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं का दादा," ती एकदम म्हणाली, "त्यांना उतार उतरायची भीती वाटायची."

"त्याला? अगं, एका हातानं डंपर उतरवायचा तो."

"तुम्ही बघत असायचात म्हणून. घरी आले की तळहात दाखवायचे, घामानं भिजलेले. दादाला सांगू नकोस म्हणायचे."

दादा हसले. हसता हसता त्यांना डबा खाली ठेवावा लागला.

जेवण झाल्यावर ती उठली आणि उतारावर निघाली. ठोंब तुडवले जाऊ नयेत म्हणून आडवी आडवी, शेंड्यांवरून हात फिरवत. मध्येच एका जागी ती खाली बसली. बूट निघाला होता ती जागा नव्हती. ती जागा आता दादांनाही दाखवता आली नसती. तिचं नुसतं डोकं गवतातून दिसत होतं.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. टोळी ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला कामाला लागली. दादा डोझरवर चढून बसले, पण ती उठेपर्यंत त्यांनी इंजिन सुरू केलं नाही.