उशिराचा चौथा ठोका

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबर महिन्यात, थंडीची पहिली चाहूल लागलेली असताना, मला प्रथमच मारण्यात आले. त्याआधी मला तापवले होते, कापले होते, वाकवण्याचाही एक प्रयत्न झाला होता. परंतु हात कोणी उगारला नव्हता. मी एक पोलादी पत्रा बोलतो आहे. जाडी सहा मिलिमीटर, उंची माणसाच्या खांद्याइतकी. माझी अडचण एवढीच की इतके आयुष्य काढूनही मला त्याचा अर्थ नीट लागलेला नाही. तुम्हांला लागला, तर कृपया कळवावे.

माझा जन्म बॉयलरच्या कारखान्यातला. बॉयलरच्या एका कुशीला बसायचे, आत वाफ कोंडून धरायची आणि गप्प राहायचे, असे माझे भविष्य होते. पण कापणाऱ्याचे माप दोन बोटे चुकले आणि मी कोणत्याच कुशीला बसेना. मला भंगाराच्या ढिगाकडे ओढून नेत असताना एका वेल्डरने थांबवले. त्याने बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिले, डावा कान जवळ आणला आणि म्हणाला, "हा भंगारात घालू नका, साहेब. याला गळा आहे."

"गळा?" फोरमन म्हणाला. "अरे बाबा, या पत्र्यांना गळा असता तर पहिली तक्रार तुझ्याच वेल्डिंगची आली असती. घेऊन जा."

वेल्डरच्या घरामागे एक शेड होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला तीन पदरी घोंगडे. तेथे त्याने मला नळाच्या चौकटीत दोन साखळ्यांनी टांगले. त्या शेडमध्ये 'भट्टी' नावाचा बॅंड तालीम करीत असे. हे लोक आपल्या संगीताला इंडस्ट्रियल मेटल म्हणत. म्हणजे कारखान्याची धडधड आणि विजेवरच्या गिटारचा कल्लोळ एकत्र. वेल्डर त्यांचा गायक आणि म्होरक्या; सगळे त्याला दादा म्हणत. ड्रमवर एक बसचालक. गिटारवर एक घड्याळजी, जो दिवसभर चिमट्याने अळीएवढी चक्रे बसवी आणि संध्याकाळी सातच्या पुढे सगळी नाजूकपणाची भरपाई करून घेई.

पद्धत अशी होती. ड्रम तीन ठोके देई. चौथा माझा; ड्रम आणि गिटारही त्याच ठोक्याला माझ्यासोबत पडत. वेल्डर दोन्ही हातांनी हातोडा उचलून मला हाणी, आणि त्याच क्षणी त्याच्या छातीतून जी गर्जना निघे ती ऐकून पहिल्या दिवशी मी समजलो की या माणसाचे माझ्याशी काही जुने वैर असावे. तालीम संपली की तोच मनुष्य तेलाच्या फडक्याने मला कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढी. ज्याला मारायचे त्यालाच पुसायचे, ही रीत मला आजतागायत उमगलेली नाही.

त्या चौथ्या ठोक्याची कीर्ती झाली. तो किंचित रेंगाळून येई. पायरी संपली असे समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसे ऐकणाऱ्याला होई. शेकडो माणसे एकदम पुढे झुकत. लोक त्याला 'भट्टीची लंगडी' म्हणत. मला मात्र त्यात लंगडे काही वाटत नसे. मला काळाची ओळख त्या ठोक्यानेच झाली होती. चौथा ठोका तेव्हाच येतो, असे मी धरून चाललो होतो.

अशी वीस वर्षे गेली. सन दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत एका गुरुवारी सात वाजले तरी शेडचे दार उघडले नाही. मला वाटले, आज उशीर झाला असेल. शुक्रवारी वाटले, कालचा उशीर अजून चालू असेल. अकराव्या दिवशी बसचालक एकटाच आला, दिवा न लावता ड्रमच्या स्टुलावर बसला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "गेला रे, आपला दादा. कारखान्यात जिन्यावरच बसला, आणि उठलाच नाही." बसला आणि उठला नाही, यात एवढे काय, हे मला तेव्हा कळले नाही. माझ्या डाव्या कडेला तोवर गंजाची पहिली पुळी आली होती.

बॅंडचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता: तेरा एप्रिल, जुन्या बस आगारात. घड्याळजीचे म्हणणे, रद्द करावा. बसचालक ऐकेना. त्याची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी दूरदेशी. तो म्हणाला, "मे महिन्यात मी रिटायर होतोय. बस गेली, दादा गेला. आता भट्टीपण गेली, तर मी सकाळी उठून करायचं काय? तेराला एकदा वाजवून बघू. नाहीच जमलं, तर मीच कुलूप घालतो आणि पत्रा कारखान्यात परत देतो."

म्हणजे माझेही त्यातच आले.

फेब्रुवारीत गायक मिळाला. लिफ्ट दुरुस्त करणारा, अंगाने काडी, आवाजाने डोंगर. त्याने हातोडा उचलला, तीन ठोके झाले, आणि त्याने मला हाणले. काहीतरी भलतेच झाले. मी वाजलो, आणि माझ्यामागून ड्रम आणि गिटार धडपडत आले.

"घाई करतोयस," बसचालक म्हणाला.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. सहाव्या वेळी बसचालकाने काठ्या खाली ठेवल्या. "अरे, स्टॉप यायच्या आधी दार उघडतोयस तू!"

"काका, मी मोजून मारतोय."

"मग मोजणं शिक!"

लिफ्टवाल्याने पिशवीतून ठोके देणारे यंत्र काढले आणि जमिनीवर ठेवले. टक, टक, टक, टक. त्याचा हातोडा यंत्राच्या चौथ्या ठोक्यावर बरोबर पडला. मग त्याने बसचालकाला एकट्याला वाजवायला लावले. एक, दोन, तीन ठीक. चौथ्याच्या आधी बसचालकाचा हात हवेत थांबला. केसभर थांबला, पण थांबला.

घड्याळजी यंत्राकडे असा पाहू लागला जणू त्याच्या दुकानात कोणी उलटे चालणारे घड्याळ आणून दिले होते. "म्हणजे वीस वर्षं..." एवढेच तो म्हणाला.

"आणि तू घड्याळजी!" बसचालक ओरडला. "तुला कळू नये?"

"मी तुझ्यामागून वाजवतो! तुला कळू नये?"

भांडण वाढले. घड्याळजीचे मत, ही लंगडी जपावी. लोक तिच्यासाठीच येतात. नव्या माणसाने उशिरा मारायला शिकावे. लिफ्टवाला म्हणाला, "मी त्यांच्या जागी उभा राहतो, पण त्यांच्यासारखं चुकायला मला सांगू नका. ते मला जमणार नाही, आणि ते बरंही दिसणार नाही." त्याने पिशवी खांद्याला लावली.

एवढ्यात दार उघडून वहिनी आत आल्या. वेल्डरची पत्नी, सगळा बॅंड त्यांना वहिनीच म्हणे. कपडे शिवण्याचा व्यवसाय, गळ्यात माप घ्यायची फीत. वीस वर्षांत त्या तालमीला कधी आल्या नव्हत्या.

"शिवणयंत्रावर बसले तरी तुमचं भांडण ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा उजवा कान गेला होता, भाऊजी. कारखान्यातच गेला. तुमचा ड्रम त्याच बाजूला. गिटारच्या कल्लोळात ह्यांना तो पायाला जाणवूनच कळायचा, म्हणून हातोडा उशिरा पडायचा."

"आम्हाला कसं नाही सांगितलं?" बसचालकाने विचारले.

"उशीर होतोय, हे ह्यांना तरी कुठे ठाऊक होतं? दर तालमीनंतर मला विचारायचे, 'खिडकीतून ऐकलंस ना? वेळेवर पडला ना?' मी म्हणायचे, पडला. खोटंच बोलायचे. मग म्हणायचे, 'बघ, कान एक असला तरी अजून चुकत नाही मी.'" वहिनी फितीचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "चुकायचे. तुम्ही थांबायचात, म्हणून चूक दिसायची नाही."

"मी मुद्दाम नाही थांबलो, वहिनी."

"मग?"

बसचालकाने आपल्या हाताकडे पाहिले. "काय माहीत. मलाच काही कळेनासं झालंय."

माझी अवस्था त्याहून वाईट. ज्याला मी वेळ समजत आलो, तो उशीर होता. ज्याला लोक कला म्हणत, तो बहिरा कान होता. आणि तो उशीर झाकणारा हात आपण काय करतो आहोत हे जाणत नव्हता. मग वीस वर्षे मला नेमके कोणी वाजवले?

मग बसचालक लिफ्टवाल्याला म्हणाला, "पिशवी ठेव खाली. दादाला वेळेवर यायचं होतं. तू ये वेळेवर. थांबायचं नाही, हे माझ्या हाताला मी शिकवतो."

सांगणे सोपे होते. त्याचा हात ऐकेना. दोन महिने तो रोज पहाटेच्या फेरीआधी शेडमध्ये येई, यंत्र लावी आणि वाजवी. एक, दोन, तीन, आणि हात अडे. तो स्वतःच्या मनगटाला शिव्या देई, त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. एकदा त्याने मनगटाला वजन बांधले; एकदा डोळ्यांवर रुमाल बांधला. मार्चअखेर दहापैकी सहा वेळा हात न थांबता गेला. दहापैकी सात वेळा गेला त्या सकाळी मला आनंद व्हायला हवा होता. परंतु बसचालक स्टुलावरून उठून गादीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तेव्हा नेमके काय साधले आणि काय गेले, हे मला ठरवता आले नाही.

तेरा एप्रिल, शनिवार, सायंकाळी सहा. आगारात माणूस मावेना. बसचालकाचे डेपोतले सोबती पहिल्या रांगेत. तीन ठोके पडले. सवयीने मी आतल्या आत थबकलो. हातोडा थबकला नाही. ड्रम, गिटार, नवा गळा आणि मी एकाच क्षणी एकमेकांवर आदळलो. असा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. पुढे झुकायला निघालेली माणसे अर्ध्यावर अडली, आणि मागून कोणीतरी ओरडले, "ठोका चुकला!"

"चुकला नाही!" बसचालक ड्रमवरूनच गरजला, आणि पुढचे तीन देऊन मोकळा झाला.

काही जण निघून गेले. तिसऱ्या गाण्यापर्यंत उरलेल्यांच्या माना नव्या ठोक्यावर हलू लागल्या. सगळा कार्यक्रम झाला. बसचालकाचा हात दोनदा थांबला; लिफ्टवाल्याने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

मग वहिनी मंचावर आल्या. बसचालक घाम पुसत उठला. "वहिनी, शेड तुमची. तुम्ही म्हणाल ते."

"गुरुवारी तालीम आहे ना?"

"ठेवू?"

"ठेवू काय विचारता? गिऱ्हाइकांना मी सांगूनसुद्धा टाकलंय, गुरुवारी सातनंतर येऊ नका म्हणून."

अशा रीतीने भट्टी चालू राहायची हे त्या दिवशी कायमचे ठरले, आणि माझे कारखान्यात परत जाणेही टळले. आता दर गुरुवारी मी वेळेवर वाजतो. लिफ्टवाला मला पुसतो, पण कोपरे विसरतो. एक मात्र आहे. तिसऱ्या ठोक्यानंतर, चौथा पडण्याच्या केसभर आधी, माझ्या अंगात अजूनही काहीतरी थांबून राहते. ते दुःख आहे की गंज, हे मला कळत नाही. कोणी जाणते असाल तर एखाद्या गुरुवारी यावे, कान लावावा आणि मला सांगावे.