बिल नसलेला आजार

आमच्या ह्यांची नजर आख्ख्या बेंगळुरूच्या फुप्फुसांवर आहे. हे डॉक्टर नव्हेत. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढून फुप्फुसं बिघडलेल्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कक्षाचे प्रमुख. नजर इतकी कडक, की कक्ष उघडल्यापासून एकही रुग्ण सापडला नव्हता. दर सोमवारी हे वर शून्य कळवायचे आणि घरी येऊन उपास सोडल्यासारखे जेवायचे.

शून्य कसं टिकलं, ते मला ठाऊक आहे. व्हेपवर देशात बंदी. तेव्हा ह्यांनी नियम काढला, की डॉक्टरनं असा रुग्ण कळवलाच, तर व्हेप विकत घेतल्याचं बिल जोडावं. यशवंतपूरच्या एका इस्पितळातल्या डॉक्टर सुप्रीतानं दोन रुग्ण कळवले होते. ह्यांनी दोन्ही कागद परत धाडले.

"अहो, चोरीची फिर्याद घेताना पोलीस चोराची पावती मागतात का?" मी विचारलं.

"सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणत हे आंघोळीला गेले.

आमचा श्रीहर्ष मारतहळ्ळीच्या एका कंपनीत. त्याच्या खोलीला ऐन नवरात्रात पिकल्या आंब्याचा वास यायचा. मला आपलं वाटायचं, पोरगं अत्तर लावतं, म्हणजे आता सून येणार.

आयुधपूजेला इथं ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचं साधन पुजतात. मी श्रीहर्षच्या टेबलावरचं सगळं उचलून पाटावर मांडलं. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन आणि एक निळी, चकचकीत कांडी. पेनड्राइव्ह असेल म्हणून तिला कुंकू जरा जास्तच लावलं, वर झेंडूचं फूल. ह्यांनी आरती म्हटली. श्रीहर्षचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, भूक लागली असेल. फोटो मात्र छान आला.

दसरा झाला आणि पोराला खोकला धरला. मग ताप, मग धाप. सुप्रीताच्याच इस्पितळात न्यावं लागलं. न्यूमोनियाची औषधं काही केल्या लागू पडेनात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. सुप्रीता आमच्याच समाजातली, घरातल्यासारखी खाटेशी वाकून म्हणाली, "स्वल्प खरं सांग रे, व्हेप ओढतोस? तसं असेल तर औषधच बदलायला हवं. उशीर झाला तर मला काही करता यायचं नाही."

श्रीहर्षनं बापाकडे पाहिलं. उत्तर बापानंच दिलं. "आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही."

पोराचे ओठ निळे पडत होते आणि हे घराण्याची अब्रू सांभाळत होते. इतका संताप मला आख्ख्या संसारात आला नव्हता.

"दिसतो कसा तो व्हेप?" मी सुप्रीताला विचारलं.

तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. मी माझा मोबाइल काढून आयुधपूजेचा फोटो तिच्यापुढे धरला. पाटावर निळी कांडी, कांडीवर कुंकू, आणि मागे हात जोडून उभे कक्षप्रमुख.

सुप्रीता हसली नाही. तिनं नर्सला हाक मारून औषध बदललं. मग ह्यांना म्हणाली, "सर, हा रुग्ण कळवावा लागेल. बिल नाही, फोटो आहे."

सवयीनं हे पोराकडे वळले. "बिल..."

श्रीहर्षनं मास्क बाजूला केला. "बाबा, तुमच्या ऑफिसखालच्या टपरीवर मिळतो. टपरीवाला बिल देत नाही."

पोरगं वाचलं. घरी सोडायच्या दिवशी हे सुप्रीतासमोर मान खाली घालून उभे राहिले. "ते आधीचे दोन कागद पुन्हा पाठवा. बिल नको."

"पाठवते," ती म्हणाली. "एक मुलगा बरा होऊन गेला. दुसरा पीण्या भागातल्या कारखान्यात कामाला होता, सर. तुमच्याकडून कागद परत आला, तेव्हा त्याच्या आईला वाटलं, बिल दिल्याशिवाय उपचारच होणार नाहीत. मी नको म्हणत असताना ती बिलासाठी टपऱ्या हिंडत राहिली. परत आली, तोवर मुलगा गेला होता. शेवटी तिलाच हाका मारत होता."

त्या सोमवारी ह्यांनी वर तीन रुग्ण कळवले. घरी आले, पानावर बसले आणि वाढलेलं तसंच ठेवून उठले.